भजन बंद करायची चिठ्ठी मी दिली, सुरू करायची द्यायला विसरलो



इथे मी एरवी बीपी, शुगर, थायरॉइड, उन्हाळ्यातले आजार अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण आरोग्याचाच आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या अनसिंगच्या दवाखान्यात भजनी मंडळाचे चौघेजण आले. आजारी कोणीच नव्हतं. हातात वर्गणीचं पावतीपुस्तक होतं. मंदिरासमोरचा सभामंडप तिन्ही बाजूंनी बंद करायचा, काचेच्या सरकत्या खिडक्या लावायच्या, पीओपीचं छत करायचं आणि दोन एसी बसवायचे असा बेत आहे. "डाक्टर सायेब, तुमच्या नावानं अकरा हजार लिहू काय?"

पैसे द्यायला माझी ना नाही. तरी मी त्यांना सांगितलं, "आठ दिवस थांबा." त्यांना वाटलं मी आकडा कमी करायच्या विचारात आहे. तसं नाही. त्या मंडपाशी माझा एक जुना हिशेब बाकी आहे. तो सांगितल्याशिवाय मी का थांबलो ते कळणार नाही, म्हणून हा लेख.

आमच्या गावात नाट्यगृह नाही, कलादालन नाही. शहरातले लोक ज्याला कलाकेंद्र म्हणतात ते आमच्याकडे म्हणजे हा मंडप. गुरुवारी रात्री पुरुषांचं भजन, एकादशीला दुपारी बायकांचं, कार्तिकात पहाटेचा काकडा, वर्षातून एकदा सप्ताह. गणपतीच्या आधी पोरांच्या नाचाच्या तालमीही इथेच होतात. विदर्भातल्या बहुतेक गावांप्रमाणे तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची सवय आमच्याकडेही आहे. त्यामुळे खंजिरी वाजवता येणारी माणसं घरोघरी सापडतात, पण पखवाज वाजवणारे मोजकेच. ती विद्या कोणी क्लास लावून शिकत नाही. लहानपणी मागे बसायचं, टाळ धरायचा, आणि पखवाजवाला पाणी प्यायला उठला की हळूच त्याच्या जागी बसून बघायचं. एवढाच अभ्यासक्रम.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला. राज्य सरकारने मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतली नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं १३ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद केली. आमच्या मंडपाला तेव्हा कोणाचाच आदेश आलेला नव्हता. जनता कर्फ्यूच्या आधीच्या गुरुवारी मंडळाचे लोक माझ्याकडे विचारायला आले. मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं, "पुढील सूचना मिळेपर्यंत भजन बंद ठेवावे." खाली सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. त्यांनी तो कागद मंडपाच्या खांबाला चिकटवला.

मी दिलेला तो सल्ला बरोबर होता. आजही तशी वेळ आली तर मी तेच लिहीन. त्याचं कारण आधी सांगतो.

गाणं आणि हवा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली नावाच्या भागात एक गायनमंडळ आहे. समूहाने चर्चमधली आणि इतर गाणी म्हणणारं, म्हणजे त्यांचं भजनी मंडळच म्हणा. १० मार्च २०२० रोजी त्यांची नेहमीची तालीम झाली. ६१ जण आले होते. तिथे अजून लॉकडाऊन नव्हता, पण लोक सावध होते. दारात सॅनिटायझर होतं आणि गळाभेट, हस्तांदोलन टाळलं होतं. एका व्यक्तीला दोन-तीन दिवसांपासून सर्दीसारखा त्रास होता, तेवढंच. अडीच तास सगळे बंद सभागृहात शेजारी शेजारी बसून गायले. नंतर आरोग्य खात्याने तपास केला तेव्हा त्या ६१ पैकी ५३ जण आजारी पडल्याचं दिसलं. त्यातल्या ३३ जणांचा आजार तपासणीत पक्का ठरला आणि २० जणांचा लक्षणांवरून. दोघांचा मृत्यू झाला.

हात धुऊनसुद्धा हे कसं झालं?

उदबत्तीचा धूर डोळ्यासमोर आणा. मंडपाच्या एका टोकाला उदबत्ती लावली आणि मंडप चारही बाजूंनी उघडा असेल, तर पाच फुटांवर बसलेल्याला जेमतेम वास येतो. तीच उदबत्ती दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत लावा. दहा मिनिटांत खोलीचा कोपरा न् कोपरा भरतो आणि विझल्यावरही तासभर वास राहतो. आपण श्वास सोडतो, बोलतो, गातो तेव्हा तोंडा-नाकातून असेच अतिशय बारीक कण बाहेर पडतात. मोठे थेंब दोन-चार फुटांत जमिनीवर पडतात. बारीक कण धुरासारखे तरंगत राहतात. आजारी माणसाच्या या कणांत विषाणू असतात.

आता गाण्याचं बघू. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी गायकांवर प्रयोग केला. त्यात दिसलं की माणूस गातो की बोलतो याने फार फरक पडत नाही, आवाज किती मोठा आहे याने मोठा फरक पडतो. हळू गुणगुणलं तर कण कमी, आणि पट्टी वर नेऊन गायलं तर कितीतरी जास्त. आमच्या भजनात शेवटी गजर लागतो तेव्हा आवाज किती चढतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यात मधल्या काळात प्रत्येकजण खोल श्वास आत ओढतो, म्हणजे समोरच्याने सोडलेली हवा पोटभर घेतो. मंडळातले बहुतेक लोक साठीच्या पुढचे, निम्म्यांना शुगर नाहीतर बीपी. लस नव्हती. अशा वेळी भजन थांबवणं हाच शहाणपणा होता.

त्या काळात आम्हा डॉक्टरांकडूनही एक चूक झाली. आमचा सगळा भर राहिला हात धुण्यावर, फवारणीवर आणि दोन हात अंतरावर. हवेची गोष्ट आम्ही कमी सांगितली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये हा आजार हवेतून पसरत नाही असं ठामपणे सांगितलं होतं. बंद, कोंदट जागेत बारीक कणांतून तो पसरतो हे तिने आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं ते एप्रिल २०२१ च्या अखेरीस. आपल्या केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खेळत्या हवेचं महत्त्व सांगणारं सोपं पत्रक काढलं मे २०२१ मध्ये. तोवर दुसरी लाट गावागावात पोहोचली होती.

माझ्याच सांगण्यावरून मंडपाची फरशी हायपोक्लोराइटने धुतली गेली. कोणा उत्साही पोराने पखवाजावरही सॅनिटायझर मारलं आणि पुडीवरची शाई उडाली. टाळ पुसून पुसून काळे पडले. नंतर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशेब मांडला, तेव्हा दूषित वस्तूला एकदा हात लागून हा आजार होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी निघाली. बिचारा पखवाज फुकट गेला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या वाशिम जिल्ह्याचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. रिसोड तालुक्यातल्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी एकाच वेळी बाधित सापडले. मुलं एका छताखाली झोपणारी, जेवणारी, शिकणारी. त्या बातमीने पालक घाबरले आणि ते साहजिकच होतं. पण त्यातून घ्यायचा धडा होता तो बंदिस्त खोल्यांचा. आम्ही मात्र सरसकट 'बाहेर पडू नका' एवढंच घोकत राहिलो.

बंद ठेवण्याची किंमत

कुलूप लावणं सोपं असतं. कागदावर एक ओळ लिहिली की झालं. त्याची किंमत हळूहळू येते आणि ती कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

आमच्या मंडळात एक पेटीमास्तर आहेत. वय तेव्हा एकाहत्तर. सप्टेंबर २०२० मध्ये ते माझ्याकडे आले. झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधड. मी ईसीजी काढला, शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघितलं. सगळं ठीक. झोपेची गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, वजन दोन किलो कमी. पुन्हा तपासण्या. तिसऱ्या वेळी सूनबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा पेटीचं झाकनच उघडत नाहीत आता." मी मास्तरांना विचारलं, घरी बसून का वाजवत नाही? ते म्हणाले, "एकट्यानं काय वाजवाचं डाक्टर? मांगं धरनारंच कोनी नाही तं."

त्यांना नैराश्य आलं होतं. म्हातारपणीचं नैराश्य असंच येतं. माणूस 'मी उदास आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो छातीत धडधडतं, भूक नाही, पाय भरून येतात. तीन भेटींत मला ते दिसलं नाही, कारण मी त्यांची शुगर बघत होतो आणि त्यांचा गुरुवार विचारत नव्हतो. तुमच्या घरात कोणी ज्येष्ठ माणूस अशा तक्रारी घेऊन बसलं असेल आणि तपासण्या ठीक येत असतील, तर एवढं नक्की विचारा: पूर्वी नेमाने करायचे असं काय त्यांनी अलीकडे सोडलं?

कलेमुळे तब्येत सुधारते हे म्हणणं भावनेचं आहे असं मलाही पूर्वी वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यास एकत्र करून त्यावर अहवाल काढला आहे. त्याच वर्षी इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढच्या साडेसहा हजारांहून जास्त लोकांवर चौदा वर्षं लक्ष ठेवलं होतं. नाटक, संगीत, प्रदर्शन अशा ठिकाणी दर काही महिन्यांनी तरी जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी दिसला. यातली मेख सांगायला हवी. जो चालूफिरू शकतो, ज्याच्या खिशात चार पैसे आहेत, तोच अशा ठिकाणी जातो. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, आजारपण यांचा हिशेब धरूनही फरक उरला, तरी अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. तेव्हा भजनाला जातो म्हणून बीपीची गोळी बंद केली असं कोणी मला येऊन सांगू नका.

पण भजनात काय काय घडतं ते डॉक्टरच्या नजरेने बघा. माणूस संध्याकाळी अंघोळ करून धुतलेले कपडे घालतो. मंडपापर्यंत चालत जातो. मांडी घालून दोन तास बसतो आणि उठतो, म्हणजे गुडघे-कंबर वापरात राहतात. अभंग पाठ असावा लागतो, म्हणजे स्मरणशक्तीचा व्यायाम. लांब ओळ एका दमात म्हणायची तर श्वास सावकाश सोडावा लागतो. दम्याच्या आणि फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या रुग्णांना आम्ही दवाखान्यात नेमकं हेच शिकवतो. लंडनमधली एक ऑपेरा कंपनी आणि इम्पीरियल कॉलेजने कोविडनंतर धाप लागणाऱ्या रुग्णांसाठी गाण्यावर आधारलेला श्वासाचा कार्यक्रम तयार केला. दीडशे रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. मनःस्वास्थ्यात आणि दम लागण्याच्या काही प्रकारांत फायदा दिसला आणि निष्कर्ष २०२२ मध्ये नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्याकडे ही सोय गावोगावी फुकट होती आणि तिला आपण कुलूप लावून ठेवलं होतं.

आणखी एक. गुरुवारी एखादा आला नाही तर शुक्रवारी सकाळी कोणीतरी त्याच्या घरी डोकावतं. "काऊन आला नाही?" माझ्या माहितीतले किमान दोन पक्षाघाताचे रुग्ण अशा चौकशीमुळे वेळेत दवाखान्यात पोहोचले आहेत. ही व्यवस्था कोणत्याही योजनेत बसत नाही.

कलावंतांच्या पोटाचा प्रश्न वेगळाच होता. पूर्व विदर्भात वडसा परिसरात झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्र-रात्र चालतात. त्या काही महिन्यांच्या कमाईवर कित्येक घरं वर्ष काढतात. तमाशाच्या फडांचं तेच, कीर्तनकारांना साथ करणाऱ्यांचं तेच. २०२१ मध्ये राज्य सरकारने सुमारे ५६ हजार एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकदाच द्यायचं ठरवलं. दीड वर्षाच्या मानाने ही रक्कम किती हे तुम्हीच ठरवा. आमच्या मंडळातले लोक शेतकरी, त्यांचं पोट भजनावर नाही. तरी नुकसान झालंच, फक्त वेगळ्या जागी झालं.

आमचे पखवाजवाले मे २०२१ मध्ये कोविडने गेले. चौदा महिने ते मंडपाकडे फिरकलेही नव्हते. संसर्ग घरातूनच झाला. भजन चालू असतं तर ते आधीच गेले असते का? कदाचित. बंद असल्यामुळे आणखी दोघंतिघं वाचले असतील का? शक्य आहे. हा हिशेब मी अनेकदा मांडून बघितला आहे आणि तो सुटत नाही. एवढं मात्र खरं की त्यांचा नातू तेव्हा बारा वर्षांचा होता, टाळ धरायला लागला होता, आणि त्या चौदा महिन्यांत आजोबांशेजारी बसून शिकायचं ते राहून गेलं.

बायकांनी काय केलं

सरकारी तारखा बघा. नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने ५ नोव्हेंबर २०२० ला उघडली, मंदिरं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. एप्रिल २०२१ मध्ये दोन्ही पुन्हा बंद. मग मंदिरं ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडली आणि नाट्यगृहं २२ ऑक्टोबरला, पुन्हा निम्म्या खुर्च्यांवर. उरलेले निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याला उठले. आमचा मंडप देवळाचा, पण काम नाट्यगृहाचं. तो कोणत्या तारखेला उघडायचा हे कोणाला नीट कळेना.

आमच्या गावच्या बायकांनी तारखेची वाट बघितली नाही. जानेवारी २०२१ मध्ये मी दुपारी एका रुग्णाला बघून परत येत होतो. एका घराच्या अंगणात कडुनिंबाखाली दहा-बाराजणी बसल्या होत्या, प्रत्येकीचं पोतं वेगळं, मध्ये दोन-दोन हातांचं अंतर, आणि भजन चाललं होतं. मी गाडी थांबवली आणि त्यांना चांगलंच झापलं. "शिकलेसवरलेले घरात बसलेत आणि तुमचं हे काय चाललंय?" त्या मुकाट उठल्या. एक आजी तेवढी म्हणाल्या, "मोकळ्यात तं बसलो बाप्पा."

आजींचं बरोबर होतं, माझं चूक. उघड्यावर, अंतर ठेवून, दिवसाच्या उजेडात, ऊन-वारा लागेल असं बसणं, त्यातून गावात त्या आठवड्यात रुग्ण नसणं. धोका शून्य नव्हता, पण लग्नाच्या हॉलपेक्षा कितीतरी कमी होता, आणि त्या महिन्यात मी स्वतः दोन लग्नांना हॉलमध्ये जेवून आलो होतो. प्लेगच्या काळात लोक गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहायचे, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आज्यांकडून ऐकलेलं असतं. मोकळ्या जागेचा भरवसा त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही.

दुसरी लाट ओसरल्यावर, लसीचे दोन्ही डोस झाल्यावर, दिवाळीनंतर त्याच अंगणात भजन पुन्हा सुरू झालं. पेटीमास्तरांच्या सूनबाई त्यात होत्या. त्यांनी सासऱ्यांना उचलून नेलं म्हणा ना. बायकांच्या भजनाला पेटी वाजवायची म्हणजे पट्टी बदलावी लागते, म्हणून मास्तर आधी कुरकुरले, मग रमले. तोवर मी त्यांना नैराश्याची योग्य गोळी सुरू केली होती. गोळीने किती काम केलं आणि अंगणाने किती, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही. चार महिन्यांत वजन भरून आलं.

आणि पुरुषांचं भजन? जुलै २०२२ मध्ये, आषाढीच्या दोन दिवस आधी, मी मंडपाजवळून चाललो होतो. २०२० आणि २०२१ मध्ये पालखीतल्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या होत्या. त्या वर्षी वारी पुन्हा पायी निघाली होती. सगळीकडे सगळं सुरू झालेलं. मंडपात मात्र कापसाच्या बियाण्याची रिकामी पोती पडलेली. मी एका टाळकऱ्याला विचारलं, तुम्ही अजून का बसत नाही? तो खांबाकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमीच तं बंद करा म्हनलं होतं. चिठ्ठी हाय अजून. तुमी सांगतल्याबगर कसं सुरू कराव?"

माझी चिठ्ठी. कागद पिवळा पडलेला, शिक्का उडालेला, पण 'पुढील सूचना मिळेपर्यंत' हे शब्द स्पष्ट वाचता येत होते. पुढील सूचना मी दिलीच नव्हती. एखाद्या रुग्णाला मीठ बंद करा, ओझं उचलू नका असं सांगितलं की तीन महिन्यांनी बोलावून मी ते पुन्हा तपासतो. या रुग्णाला मी सव्वादोन वर्षं बोलावलंच नाही.

सगळा दोष त्या कागदाचा नव्हता, हेही मला कळतं. पखवाज फुटका, वाजवणारा गेलेला, दोघं मुलांकडे पुण्याला राहायला गेलेले, एकाला ऐकू येईनासं झालेलं. चौदापैकी आठजण उरले होते. लोकांची सवय मोडली होती आणि चिठ्ठी हे एक कारण हाताशी होतं. पण ते कारण माझ्या सहीचं होतं. मी तो कागद काढला आणि तिथेच, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं: भजन सुरू करावे, मंडपाच्या बाजू उघड्या ठेवाव्यात, ताप-खोकला असेल त्याने घरी थांबावे. आषाढीला आठजण बसले. पखवाजाऐवजी खंजिरी.

पुढे कधी असा साथीचा आजार आला तर बंद करण्याचा सल्ला देणाऱ्याने, मग तो डॉक्टर असो, ग्रामपंचायत असो की सरकार, त्याच कागदावर खाली लिहावं की पुन्हा कधी बघायचं आणि काय दिसलं तर किती उघडायचं. तारीख टाकावी. आणि 'उघडा' आणि 'बंद' यांच्या मधल्या पायऱ्याही सांगाव्यात: आधी उघड्यावर, कमी माणसांत, कमी वेळ, खालच्या पट्टीत; मग मंडपात; मग सप्ताह.

एसीचं काय

आता वर्गणीकडे येतो. मंडपाला तीन बाजूंनी भिंत नाही, ही मंडळातल्या तरुणांना आज उणीव वाटते. धूळ येते, पावसाची झड येते, थंडीत म्हाताऱ्यांना गारठा लागतो. या तक्रारी खऱ्या आहेत.

पण आपण नेहमी लावतो तो स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो. काचा लावून चाळीस माणसं दोन तास मोठ्याने गायली तर ती चाळीसजणांची उष्टी हवा पुन्हा पुन्हा फिरत राहते. कोरोना मागे पडला तरी हिवाळ्यातला फ्लू आहेच. आणि क्षयरोग आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत आणि तो आजार हवेतूनच पसरतो. पंधरा दिवसांहून जास्त खोकला असणारा, अजून तपासणी न झालेला एखादा माणूस कोणत्याही गावच्या भजनात बसलेला असू शकतो. उघड्या मंडपात त्याचा शेजाऱ्याला होणारा धोका वाऱ्यावर जातो. काचेच्या खोलीत तो साठतो.

माझं म्हणणं असं. पावसाळी बाजूला अर्धी भिंत घाला आणि वर जाळी ठेवा. झडीसाठी गुंडाळता येणारी ताडपत्री लावा, पण पाऊस थांबला की ती वर गेली पाहिजे. छताजवळ दोन्ही बाजूंना झरोके ठेवा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल. त्यासाठी पीओपी नको. छताचे पंखे आणि एका बाजूला हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा. थंडीत भजन रात्री नऊऐवजी संध्याकाळी सहाला बसवा. हे सगळं दोन एसींपेक्षा स्वस्त पडेल आणि विजेचं बिलही कमी येईल. पूर्ण झाल्यावर उदबत्तीचा प्रयोग करा: मधोमध पाच उदबत्त्या लावा, विझल्यावर किती वेळात वास जातो ते घड्याळ लावून बघा. पाच-दहा मिनिटांत गेला तर बरंच आहे. अर्धा तास रेंगाळला तर कुठेतरी वाट मोकळी करायला हवी. हे काही शास्त्रशुद्ध मोजमाप नाही, पण अंदाज येतो.

अकरा हजार मी देणार आहे. त्यातले काही पखवाजाच्या नव्या पुडीसाठी बाजूला काढा एवढी विनंती आहे. पखवाजवाल्यांचा नातू आता मिसरूड फुटलेला झाला आहे. मोबाइलवर बघून बघून ठेका शिकलाय, लय जरा पळवतो. आठवड्यातून एकदा वाशिमहून शिकवायला कोणी येईल का याची चौकशी मी चालवली आहे. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर दवाखान्यात निरोप द्या. मंडळाची बैठक मंगळवारी रात्री आठला, मंडपातच आहे.